ब्रशच्या आधी बोटं

माझ्या कुत्र्याच्या, गब्बूच्या अंगावर ब्रश फिरवण्याआधी मी नेहमी नुसती बोटं फिरवते. कानांमागे, काखेत, गळपट्ट्याखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत. गोचीड लपते ती याच जागांत, आणि एखादी नवी गाठ किंवा दुखरा भाग डोळ्यांआधी हाताला कळतो. घरी ग्रूमिंग करण्याचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच. केस चमकतात ते नंतरचं.

केसांत काळे कण दिसले तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवून बघा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती धूळ नाही, पिसवांची विष्ठा आहे. तो रंग पचलेल्या रक्ताचा असतो. औषध मात्र प्राण्यानुसारच घ्यायचं. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं. घरात दोघंही असतील तर हे कृपया विसरू नका.

गुंता आंघोळीआधीच सोडवायचा, पाणी लागलं की तो आणखी घट्ट बसतो.

नखांची मला जास्त काळजी वाटते. आत रक्तवाहिनी असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, गब्बूच्या काळ्या नखांत दिसतच नाही. म्हणून मी अगदी पातळ काप घेते आणि कापलेल्या बाजूला मधोमध गडद ठिपका दिसू लागला की थांबते. त्याने पाय ओढून घेतला, तर उरलेली नखं उद्या.

कानात काडी कधीच घालत नाही. वास येत असेल किंवा तो सारखं डोकं झटकत असेल, तर थेट डॉक्टरांकडे.