एका कल्पनेची मालिका होताना

चित्रकथेसाठी कल्पना सुचणे आणि त्या कल्पनेची मालिका होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लेखिका म्हणून माझा बहुतेक वेळ दुसरीवर खर्च होतो. वहीत कल्पनांची वानवा कधीच नसते. त्यांपैकी पुष्कळशा कल्पना एका अंकात संपतील अशा असतात, काहींना चित्रांची गरजच नसते, आणि उरलेल्या थोड्यांमधून एखादीच पुढे नेण्याजोगी निघते. सध्या मी ज्या मालिकेवर काम करते आहे ती वहीतल्या एका ओळीपासून सुरू झाली : धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या खोऱ्यात घरांची आणि जमिनींची मोजणी करायला आलेला एक मोजणीदार. त्या ओळीपासून पहिल्या अंकाची संहिता चित्रकाराच्या हाती जाईपर्यंत काय काय ठरत गेले, ते इथे मांडते आहे.

कोणतीही कल्पना हाती घेतली की कथानकाचा विचार बाजूला ठेवून मी आधी नुसत्या अंकांच्या शक्यता लिहून काढते. इथे त्या भराभर सुचल्या. एका भिंतीवरून दोन भावांचा वाद चाललेले घर. भरपाई बांधकामाच्या क्षेत्रफळावर मिळणार म्हणून बुडणार हे ठाऊक असूनही मालक वाढवत राहिलेले घर. तीन कुटुंबे आपली म्हणून सांगत असलेली एकच विहीर. प्रत्येक घर मोजणीदाराला काहीतरी वेगळे सांगू पाहते आणि त्याच्या नोंदवहीत मात्र फक्त लांबी-रुंदी मावते, हा ताण मला पहिल्यापासूनच मोलाचा वाटत होता.

तरीही एवढ्यावर मालिका उभी राहत नव्हती. हाती होत्या त्या सुट्या कथा; त्यांतली कुठलीही आधी वाचली काय, नंतर वाचली काय, फरक पडला नसता. मालिकेच्या वाचकाला अंक संपल्याचे समाधान मिळायला हवे आणि त्याच वेळी पुढचा अंक हातात घ्यावासाही वाटायला हवा. या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगातून साधणारे काहीतरी शोधणे हा माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत अवघड आणि सर्वांत आनंदाचा भाग आहे. मोजणीदार मूळचा याच खोऱ्यातला आहे, असे करून पाहिले. ते फार सोयीचे झाले आणि त्याच्या प्रत्येक कृतीला आयते कारण मिळू लागले. तो लाच घेतो, असे करून पाहिले. मग प्रत्येक अंकात तो प्रामाणिक की अप्रामाणिक एवढाच प्रश्न उरला.

वाट सापडली ती जमिनीच्या चतुःसीमेचा विचार करताना. एका जमिनीची पूर्वेची हद्द ही शेजाऱ्याच्या जमिनीची पश्चिमेची हद्द असते. खोऱ्याचे एकूण क्षेत्रफळ ठरलेले आहे. म्हणजे मोजणीदाराने दया येऊन एका घराची जमीन थोडी जास्त नोंदवली, तर ती जास्तीची जमीन कागदावर कोणाच्या तरी जमिनीतून कमी व्हावीच लागते. पहिल्या अंकात त्याने केलेले हे एक चांगले काम दुसऱ्या अंकातल्या घरावर अन्याय होऊन येते, तो मिटवायला तो तिसऱ्या घराची हद्द सरकवतो, आणि अशा रीतीने एकेका बांधावरून ती खोटी नोंद खोरेभर पसरत जाते. आता अंकांचा क्रम बदलणे शक्य नव्हते, कारण प्रत्येक अंकाला आधीच्या अंकाची किंमत चुकवायची होती. त्यानंतर मी खोऱ्याचा नकाशा काढला, प्रत्येक घराची खरी आणि नोंदवलेली मापे त्यावर लिहिली आणि बेरजा जुळेपर्यंत पुढे गेले नाही. वाचकांपैकी कोणी तरी त्या बेरजा करून पाहणारच, आणि त्या वाचकाबद्दल मला विशेष आदर आहे.

यानंतरचा प्रश्न, ही गोष्ट चित्रकथाच का व्हावी? कादंबरीत किंवा चित्रपटात ती तितकीच चांगली सांगता येत असेल, तर मी कल्पना बाजूला ठेवते. चित्रकथेत वाचनाचा वेग वाचकाच्या हातात असतो. तो थांबतो, मागे जातो, दोन पाने शेजारी ठेवून पाहतो. म्हणून प्रत्येक अंकाच्या आरंभी तोच नकाशा त्याच आकारात द्यायचे मी ठरवले, म्हणजे कोणती रेष कुठे सरकली हे कोणत्याही पात्राने न सांगता ताडून पाहता येईल. अमेरिकी चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या पुस्तकात दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेविषयी लिहिले, की तिथे न दाखवलेली घटना वाचक स्वतःच्या मनात पूर्ण करतो. माझ्या मालिकेत तीच क्रिया दोन अंकांमधल्या दोन नकाशांच्या दरम्यान घडावी, असा माझा प्रयत्न आहे.

पाण्याची कल्पनाही याच टप्प्यावर आली. पहिल्या अंकात पाणी कुठेच नाही. दुसऱ्यापासून प्रत्येक पानाच्या तळाशी निळा पट्टा असेल आणि तो अंकागणिक वर चढत जाईल, त्यामुळे चौकटींना जागा कमी पडत जाईल. चित्रकाराने त्यात एक मोलाची भर घातली : पट्ट्याच्या खाली गेलेल्या चौकटींच्या कडा पुसून टाकायच्या, म्हणजे हद्दी पाण्याखाली दिसेनाशा होतील. मालिकेचा सगळा आशय त्या एका सूचनेत आला, आणि चित्रकाराला संहिता पूर्ण होण्याआधीच सोबत घ्यावे या माझ्या मताला पुन्हा एकदा बळ मिळाले. पट्टा अमर्याद चढू शकत नाही, म्हणून मालिकेची लांबीही आपोआप आठ अंकांवर ठरली.

मग संहिता. अमेरिकी पद्धतीच्या मासिक अंकात साधारण २० ते २२ पाने कथेची असतात. मी २२ धरून चालते. आधी चौकट-चौकट लिहून द्यायची, की १९६० च्या दशकात मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनसंस्थेत रूढ झालेल्या पद्धतीप्रमाणे चित्रकाराला फक्त कथासूत्र देऊन संवाद चित्रांनंतर लिहायचे, याबद्दल लेखकांमध्ये दोन्ही मते आहेत. मी पहिली पद्धत वापरते, पण त्याआधी जपानी मांगाकार (चित्रकथाकार) काढतात त्या ‘नेम’सारखा पानापानाचा कच्चा आराखडा स्वतः काढते. रेघोट्यांच्या माणसांनीही काम भागते, कारण त्यात पाहायचे असते ते पान कुठे उलटते हे. उजव्या हाताची पाने विषम क्रमांकाची असतात. म्हणून वाचकाला समोर दिसायला नको असे काही असेल, तर ते पुढच्या सम पानावर ठेवावे लागते.

पहिल्या अंकातला निर्णायक क्षण मी पान १७ आणि १८ मध्ये विभागला आहे. मोजणीदार एकटा आहे, म्हणून घरातली म्हातारी फितीचे दुसरे टोक धरते. पहिल्या चौकटीत जमिनीवर ताणलेली फीत. दुसरीत तिचा हात. तिसरीत तिचे पाऊल बांधाच्या दगडावर. शेवटच्या चौकटीत तेच पाऊल दगडाच्या पलीकडे गेलेले असते आणि फीत तशीच ताणलेली असते. पान उलटल्यावर मोजणीदाराचा चेहरा, आणि त्याखाली नोंदवहीतला आकडा. दोन्ही पानांवर एकही शब्द नाही. सुरुवातीला तिथे म्हातारीचे एक वाक्य होते. ते काढल्यावर त्याने पाहिले की नाही हे ठरवण्याची जबाबदारी वाचकावर आली, आणि प्रसंग अधिक खोल झाला.

शब्दांच्या बाबतीत मी कडक आहे. इंग्रजी कॉमिक्सच्या व्यवसायात संवादाच्या एका फुग्यात २५ आणि एका चौकटीत ३५ च्या पुढे शब्द जाऊ नयेत, असा जुना ठोकताळा आहे. देवनागरीत वेलांट्या आणि उकारांमुळे ओळींमध्ये जास्त अंतर सोडावे लागते, तेवढा फुगा उंच होतो आणि तेवढे चित्र झाकले जाते. त्यामुळे मी त्याहूनही कमी शब्दांत भागवते.

प्रकाशकांसाठी केलेल्या प्रस्तावात एका पानाचा सारांश, नकाशा, मुख्य पात्रांची रेखाटने आणि पहिल्या अंकातली काही रंगवून, अक्षरे टाकून पूर्ण केलेली पाने आहेत. सारांशात शेवटही स्पष्ट लिहिला आहे. संपादकापासून शेवट लपवून काहीच साधत नाही, कारण लेखकाला कुठे पोहोचायचे आहे हे ठाऊक आहे का, एवढेच त्याला पाहायचे असते. शेवटच्या अंकाचे अखेरचे पान माझ्याकडे लिहून तयार आहे. चौथा आणि पाचवा अंक मात्र मी मुद्दाम सैल ठेवले आहेत, कारण पहिले अंक चित्रांत उतरल्यावर एखादे दुय्यम पात्र अपेक्षेपेक्षा मोठे होते असा अनुभव आहे. विहिरीवर हक्क सांगणाऱ्या तिघांपैकी एकीची रेखाटने पाहून ते होणार अशी चिन्हे दिसतात, आणि तिच्यासाठी पाचव्या अंकातली जागा मी राखून ठेवली आहे.