ओहोटीच्या वाळूवरचं रिंगण

आज ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावर पोरांचा ड्रेसेजचा (घोड्याला इशाऱ्यांवर नेमक्या चाली करायला लावायची घोडेस्वारी) सराव. खुंटीला १० मीटर दोरी बांधून २० मीटर व्यासाचं रिंगण आखलं. ओल्या वाळूत टापांचा माग सगळं सांगतो: रिंगणाचं अंडं झालं की आतला लगाम ओढला गेलाय, मान वळते, बाहेरचा खांदा निसटतो. स्वाराची आतली पोटरी तंगापाशी (खोगिराचा पोटाखालचा पट्टा), बाहेरची वीतभर मागे, बाहेरचा लगाम स्थिर. मग रिकिबीशिवाय, पाय लोंबते सोडून, १० मिनिटं, मांड पक्की व्हायला. (कुरकुरतात. कुरकुरू देत.)

२०२३ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताला ड्रेसेजचं सांघिक सुवर्ण मिळालं, संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. तेव्हापासून सगळ्यांना पियाफेची (जागच्या जागी दुडकी) घाई! आधी रिंगण गोल काढा.

कोरड्या भुसभुशीत वाळूत ट्रॉट (दुडकी चाल) नको, घोड्याच्या पायाच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) दुखावतात. परतल्यावर पाय आणि लगामाची कडी गोड्या पाण्याने धुवायची.