अ‍ॅटॅक क्रीक

अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून डार्विनला गाडीनं निघालो. ऑस्ट्रेलियाच्या मध्यातून उत्तरेकडे जाणारा सुमारे १५०० किलोमीटरचा स्टुअर्ट हायवे. पहिला दिवस नुसता गाडीत गेला, टेनंट क्रीकला मुक्काम.

दुसऱ्या दिवशी गावापासून सत्तरेक किलोमीटरवर रस्त्याकडेला एक दगडी स्मारक दिसलं. पुढचा पल्ला मोठा, म्हणून हे थांबायला तयार नव्हते. मी हट्टानं थांबवलं.

दार उघडताच माश्या डोळ्यांच्या कडांवर येऊन बसल्या. दुपारचं ऊन, सावली नावाला. मधूनच एखादी तीन-चार डबे ओढणारा ट्रक, म्हणजे रोडट्रेन, गेली की पायाखालची खडी थरथरायची.

स्मारक जॉन मॅकडुअल स्टुअर्ट या शोधप्रवाशाचं. तो दक्षिणेकडून ऑस्ट्रेलिया खंड ओलांडायला निघाला होता. सोबत केकविक आणि बेन हेड ही दोनच माणसं आणि तहानलेली घोडी. एप्रिलमध्ये खंडाच्या मध्यावर झेंडा लावून तो पुढे आला होता. ताज्या भाजी-फळांवाचून होणारा स्कर्व्हीचा आजार अंगात, शिधा संपत आलेला. २६ जून १८६० ला या ओढ्याशी इथल्या मूळ रहिवासी वारुमुंगू लोकांनी त्यांना अडवलं, बूमरँग फेकले, गवत पेटवलं. स्टुअर्ट आणि त्याच्या सोबत्यांनी बंदुका चालवल्या आणि इथूनच माघार घेतली. ओढ्याला त्यानं नाव दिलं, अ‍ॅटॅक क्रीक. म्हणजे हल्ल्याचा ओढा.

त्या नावापाशी मी अडले. माझं माहेर माणदेशातलं. आमच्याकडे उन्हाळ्यात दुसऱ्याच्या विहिरीवर जनावरं न्यायची तर आधी घरधन्याला विचारायचं, आजी त्यासाठी मला पुढं धाडायची. वारुमुंगूंच्या मुलखात तीन अनोळखी माणसं घोडी घेऊन पाण्याशी आली, तर त्यांनी काय करायचं होतं? आपला ओढा राखला, त्याला हल्ला म्हणायचं? नकाशावर मात्र पाहुण्यानं दिलेलं नावच राहिलं.

स्टुअर्टच्या चिकाटीपुढे मी मान तुकवतेच. तो पुन्हा आला, पुन्हा हटला, आणि २४ जुलै १८६२ ला उत्तरेचा समुद्र गाठलाच. परतताना आजारानं इतका खंगला की त्याला झोळीत घालून आणावं लागलं. त्याच्याच वाटेनं पुढे तारायंत्राचे खांब गेले, १८७२ मध्ये तार जोडली गेली, आणि आज आमची गाडीही.

ह्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी ती तशीच हातात धरून ओढ्याकडे बघत राहिले.