आमची वाटचाल : नऊ फुटांच्या गल्लीतील अवजारे

निफाड तालुक्यातील आमच्या गावात द्राक्षवेलींच्या दोन ओळींत साधारण ९ फुटांचे अंतर ठेवले जाते. वाय पद्धतीच्या, म्हणजे Y आकाराच्या आधारांच्या, बागेत लोखंडी अँगलचे हात आणि तारा दोन्ही बाजूंनी गल्लीत येतात, त्यावर काड्या वाढल्या की ट्रॅक्टरला प्रत्यक्षात मिळणारी वाट त्याहून बरीच अरुंद होते. २०१४ साली मी आणि माझ्या धाकट्या भावाने १५ अश्वशक्तीचा एक छोटा ट्रॅक्टर आणि माती भुसभुशीत करणारा तीन फुटी रोटाव्हेटर घेऊन भाड्याने मशागत करून देण्याचा व्यवसाय सुरू केला, तो या गल्लीच्याच भरवशावर. मोठे ट्रॅक्टर गावात पुष्कळ होते, परंतु तार न ओढता आणि ओलांडा (वेलीची आडवी मुख्य फांदी) न खरचटता बागेतून फिरून बाहेर येणारे फार थोडे होते.

आज आमच्याकडे तीन छोटे ट्रॅक्टर आणि अकरा अवजारे आहेत. नवीन माणूस आला की तो ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा, डिझेल किती खातो, फोर व्हील आहे का, हे विचारतो. मागे काय जोडले आहे याकडे त्याचे लक्ष जात नाही. वास्तविक भाडे मिळते ते अवजाराच्या कामाचे, आणि तोटा होतो तोही बहुधा अवजारापायीच. म्हणून आमच्या व्यवसायाची ही हकीकत मी अवजारांच्या बाजूने लिहीत आहे, आणि त्यातही ती ताब्यात घेण्याच्या दिवसाविषयी अधिक लिहिणार आहे, कारण आमच्या बहुतेक चुका त्या एका दिवशी झाल्या.

पहिला रोटाव्हेटर आला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. आईने औक्षण केले, नारळ फोडला, रंगावर हळदीकुंकवाची बोटे उमटली, आणि आम्ही डिलिव्हरी चलनावर सही करून दुसऱ्याच दिवशी सकाळी तो बागेत घातला. चार तास काम झाल्यावर गिअर बॉक्समधून घरघर येऊ लागली आणि वरचे झाकण हात ठेववणार नाही इतके तापले. उघडून पाहिले तर आत ऑइल जवळजवळ नव्हतेच. दातांवर निळसर झाक आली होती आणि एक बेअरिंग गेले होते. वाहतुकीत गळू नये म्हणून पुष्कळ अवजारांचे गिअर बॉक्स कोरडे किंवा नावापुरत्या ऑइलवर पाठवले जातात आणि ते भरून देणे हे विक्रेत्याचे काम असते, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. विक्रेत्याने भरले नाही आणि आम्ही पाहिले नाही. ऑइलअभावी झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, असे उत्तर मिळाले, आणि चलनावर ‘माल सुस्थितीत मिळाला’ या ओळीखाली माझीच सही असल्याने पुढे बोलायला जागा उरली नाही. ऐन खरड छाटणीच्या, म्हणजे वेलींच्या उन्हाळी छाटणीच्या, हंगामातील सोळा दिवस तो रोटाव्हेटर दारात उभा होता. त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियम आहे: गिअर बॉक्सच्या पातळीचा नट सोडून तेथून ऑइल झिरपताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणीही सही करायची नाही.

दुसरा धडा शाफ्टचा. ट्रॅक्टरच्या पीटीओपासून (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यापासून) अवजारापर्यंत जाणारा शाफ्ट एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. अवजाराबरोबर जो शाफ्ट येतो तो सर्वसाधारण लांबीचा येतो. आपल्या ट्रॅक्टरच्या मापाने तो कापून घ्यावा लागतो. छोट्या ट्रॅक्टरचा पीटीओ आणि अवजार यांतील अंतर मुळात कमी असते, त्यामुळे आपल्याकडे ही गोष्ट अधिक जाचते. आमच्या दुसऱ्या रोटाव्हेटरचा शाफ्ट न कापताच जोडला गेला, आणि हायड्रॉलिकने अवजार उचलताच नळ्या एकमेकींत पूर्ण शिरून आणखी जागा न राहिल्याने सगळा दाब पीटीओच्या बेअरिंगवर गेला. तेव्हापासून आम्ही स्वतः माप घेतो. अवजार जोडून ते हळूहळू वर-खाली करायचे, ज्या जागी दोन्ही टोके सर्वांत जवळ येतात तेथे थांबायचे, शाफ्टचे दोन भाग शेजारी शेजारी धरून खूण करायची, आणि त्या स्थितीतही साधारण इंच-दीड इंच मोकळीक राहील अशा बेताने आतली व बाहेरची नळी सारखीच कापायची. अंतर सर्वांत जास्त असताना दोन्ही नळ्या किमान एक तृतीयांश लांबीपर्यंत एकमेकींत असल्या पाहिजेत. कापलेल्या कडा कानशीने घासून, ग्रीस लावून मगच शाफ्ट चढतो, आणि दोन्ही टोकांचे योक, म्हणजे जोडणीचे दुबेळके, एका रेषेत आहेत ना हेही तेव्हाच पाहिले जाते, नाहीतर अवजार थरथरत चालते.

शाफ्टवरचे प्लास्टिकचे कव्हर आणि ते फिरू नये म्हणून असलेली साखळी यांविषयी मी कोणाशीही तडजोड करत नाही. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे टोक किंवा साडीचा पदर त्यात सापडला तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. मजूर बायका बागेत काम करत असतात, मुले मागे धावतात. साखळी नसलेला शाफ्ट आला तर आम्ही तो त्याच गाडीतून परत पाठवतो. दोनदा पाठवलेला आहे.

जोडणीच्या पिनांचे माप ही लहानशी बाब वाटते, परंतु तीही आम्ही एकदा पैसे घालवून शिकलो. छोट्या ट्रॅक्टरची थ्री पॉइंट जोडणी, म्हणजे अवजार तीन ठिकाणी धरणारी जोडणी, पहिल्या श्रेणीची असते. तिच्या खालच्या दोन पिना २२ मिलिमीटरच्या आणि टॉपलिंकची, म्हणजे वरच्या दांड्याची, पिन १९ मिलिमीटरची. मोठ्या ट्रॅक्टरांच्या दुसऱ्या श्रेणीत त्याच पिना २८ आणि २५ मिलिमीटरच्या होतात. २०१७ मध्ये स्वस्त मिळतो म्हणून एक जुना कल्टिवेटर आणला, तो घरी आल्यावर लिंकमध्ये पिनच जाईना. त्यात पिनांची जाडी हा अर्धाच भाग होता. काही छोट्या ट्रॅक्टरांच्या लिंक एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की पिन बदलूनही अवजाराचे कान जुळत नाहीत. आता अवजार पाहायला जाताना आमच्या खिशात व्हर्नियर असतो आणि तिन्ही ट्रॅक्टरांची मापे लिहिलेली वही असते.

कागदपत्रांचे म्हणाल तर एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. २०१८ मध्ये कृषी विभागाकडे अर्ज करून, पूर्वसंमती हातात आल्यावरच, भावाच्या नावावर अनुदानातून एक अवजार घेतले. बिलावरील अनुक्रमांक आणि अवजाराच्या पट्टीवर ठोकलेला अनुक्रमांक यांत एका आकड्याचा फरक होता. मोका तपासणीच्या, म्हणजे जागेवर येऊन होणाऱ्या पाहणीच्या, दिवशी तो लक्षात आला, बिल दुरुस्त होऊन पुन्हा वर जाईपर्यंत अनुदान तीन महिने रखडले आणि तेवढे दिवस आम्ही उसनवारीवर काढले. पट्टीचा फोटो काढून बिलाशेजारी धरून एकेक आकडा वाचणे हे दोन मिनिटांचे काम आहे. आमच्याकडे ते आता माझी भावजय करते, आणि तिच्या नजरेतून आजवर काही सुटलेले नाही.

२०२५ ची खरेदी ही आमची आजवरची सर्वांत मोठी. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि पुढे महिनोन्महिने जमीन वाफशावर आली नाही. काडी तयार होण्याच्या दिवसांत पाऊस आणि दमटपणा म्हणजे केवडा आणि भुरी या रोगांचे ठाण, आणि आमचा जुना ब्लोअर (पंख्याच्या झोताने औषध फवारणारे यंत्र) दिवसाला जेवढ्या बागा उरकत होता त्यापेक्षा दुप्पट मागणी रोज पहाटे फोनवर येत होती. काही बागायतदारांना आम्ही वेळेवर पोहोचू शकलो नाही. वर्षानुवर्षे विश्वासाने बोलावणाऱ्या माणसाला ‘उद्या येतो’ असे सांगावे लागले आणि त्या उद्यापर्यंत त्याच्या पानांखाली पांढरी बुरशी दिसू लागली, याची बोच मला अजून आहे. तेव्हाच गोड छाटणीपूर्वी, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपूर्वी, नवा ब्लोअर आणि झिजलेल्याच्या जागी चार फुटी रोटाव्हेटर घ्यायचे ठरले.

ब्लोअर निवडताना आम्हा भावांत दोन मते होती. तो म्हणे ४०० लिटरचा, ट्रॅक्टरवर उचलला जाणारा घेऊ, कारण वळताना सोपा. माझे म्हणणे असे की पाण्याचेच ४०० किलो, त्यात यंत्राचे वजन, हे सगळे मागे लटकले की २४ अश्वशक्तीच्या हलक्या ट्रॅक्टरची पुढची चाके ओल्या बांधावर उचलली जाणार आणि मागची रुतणार. शेवटी ६०० लिटरचा, स्वतःच्या चाकांवर चालणारा ओढीचा ब्लोअर ठरला. ते बरोबर ठरले, मात्र भावाचे म्हणणेही अगदीच चुकीचे नव्हते: गल्लीच्या टोकाला वळण्यासाठी त्याला जागा अधिक लागते, आणि वळताना शाफ्टचा कोन फार वाकतो म्हणून पीटीओ बंद करून वळावे लागते. ज्या बागांत टोकाची मोकळी जागा कमी आहे तेथे आम्ही आजही जुनाच ब्लोअर पाठवतो.

ऑर्डर नोंदवून झाली होती, बिल व्हायचे होते, आणि ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय जाहीर झाला. ट्रॅक्टर आणि शेतीअवजारांवरील कर २२ सप्टेंबरपासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येणार होता. आमच्यासारख्यांना या फरकाचे महत्त्व विशेष आहे, कारण शेतीची यंत्रे भाड्याने देण्याच्या सेवेवर जीएसटी नाही, आणि तो नसल्यामुळेच खरेदीवर भरलेला कर आम्हाला वजावटीत परत मिळत नाही. जो भरला तो खर्चातच जातो. दोन्ही अवजारांची करपूर्व किंमत ३ लाख ६० हजार होती. जुन्या दराने कर ४३,२०० रुपये झाला असता, नव्याने तो १८,००० झाला. विक्रेत्याने बिल थांबवण्याची आमची विनंती कुरकुर न करता मान्य केली, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती, आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी टेम्पो दारात आला.

या वेळी नारळ नंतर फुटला. आधी आमचे ज्येष्ठ चालक, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणते, टेम्पोभोवती एक फेरी मारून आले आणि वाहतुकीत ब्लोअरच्या पंख्याच्या जाळीला बसलेला पोचा त्यांनी चलनावर लिहून घ्यायला लावला. रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट त्यांनी एकेक करून पान्याने तपासले. दोन ढिले निघाले. गिअर बॉक्समधून ऑइल झिरपताना सर्वांनी पाहिले. शाफ्ट मापून कापला गेला. मग ब्लोअरच्या टाकीत साधे पाणी भरले, पीटीओ ५४० फेऱ्यांवर आणला, पंखा बंद ठेवून बाराही नोझलांना एकेक प्लास्टिकची नळी लावली आणि प्रत्येकीखाली मोजपात्र धरून एक मिनिट लावले.

या चाचणीमागचा हिशेब बागायतदारांनीही करून पाहावा असा आहे. एकराचे ४३,५६० चौरस फूट ९ ने भागले की गल्लीची एकूण लांबी ४,८४० फूट, म्हणजे सुमारे १,४७५ मीटर येते. ताशी ४ किलोमीटर वेगाने ती पार करायला साधारण २२ मिनिटे लागतात. प्रत्येक नोझल मिनिटाला एक लिटर देत असेल तर बारा नोझलांतून एकरी सुमारे २६५ लिटर फवारणी होते. औषधाचे प्रमाण या आकड्यावर बेतलेले असते. नोझल कमी-अधिक देऊ लागले की तो हिशेब कोलमडतो, आणि कोठे औषध वाहून जमिनीवर जाते तर कोठे पानाच्या खालची बाजू कोरडी राहते. केवडा शिरतो तो पानाच्या खालूनच.

अकरा पात्रांत एक लिटरच्या आसपास पाणी आले. उजवीकडून तिसऱ्या पात्रात १ लिटर ३०० मिलिलिटर भरले. सोबत आलेल्या तंत्रज्ञाने ते नोझल उघडले, तेव्हा त्यात बाकीच्यांपेक्षा मोठ्या छिद्राची चकती बसवलेली निघाली. त्याने ती तेथेच बदलली, आणि आम्ही पुन्हा एक मिनिट मोजले. या दुसऱ्या मोजणीनंतर मी चलनावर सही केली, तोवर संध्याकाळचे साडेसहा झाले होते. अण्णांनी नोझलांचे आकडे, शाफ्टची कापलेली लांबी आणि दोन्ही पट्ट्यांचे अनुक्रमांक वहीत लिहून घेतले, आणि मग आईने आरतीचे ताट बाहेर आणले. खंडेनवमीला दोन्ही अवजारे धुऊन पुसून पूजेला मांडली, तेव्हा ती आमच्या ओळखीची झालेली होती.

पाऊस लांबल्याने छाटण्या पुढे गेल्या, पण जेव्हा त्या सुरू झाल्या तेव्हा फवारणीच्या मागणीला आम्ही वेळेवर पुरे पडलो. दर पंधरा दिवसांनी नोझलांची तीच मोजणी होते, आणि जो बागायतदार पाहायला थांबतो त्याच्या हातात अण्णा एक मोजपात्र देतात. खरड छाटणीत पडणाऱ्या काड्या बांधावर नेऊन जाळण्याऐवजी गल्लीतच त्यांची कुट्टी करून मातीत परत जाव्यात यासाठी एक कुट्टी यंत्र घेण्याचे ठरले आहे. ते वजनदार असल्याने पुढच्या बाजूला वजने लावावी लागतील. पिनांचे माप घेऊन झाले आहे, विक्रेत्याला बागेत येऊन प्रत्यक्ष काड्यांवर चालवून दाखवायला सांगितले आहे, आणि त्यासाठी बोटाएवढ्या जाड, वाळलेल्या काड्यांचे दोन ढीग आम्ही शेडच्या मागे राखून ठेवले आहेत.