तुम्ही विचारलंत म्हणून : इंजेक्शनच्या कपाटावरची बुढी

आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात येणारा माणूस आधी जनावराचं सांगतो, मग पावसाचं, मग कापसाच्या भावाचं. औषधाची चिठ्ठी हातात पडेस्तोवर त्याची नजर इंजेक्शनच्या कपाटाकडं गेलेली असते. कपाटाच्या दारावर एक फोटो चिकटवलाय. पांढऱ्या केसांची, गालाला खळ्या पडतील एवढं हसणारी एक गोरी म्हातारी आणि तिला बिलगलेला सोनेरी केसांचा कुत्रा. मग प्रश्न येतोच. "मॅडम, हे बुढी कोन होय?" कोणी विचारतं, तुमची सासू का. ती आता हयात नाही हे कळल्यावर एका आजोबांनी मलाच दटावलं, "मेली म्हंता, अन् फोटोले हार नाही?" तालुक्याहून येणारे साहेब विचारतात, लसीकरणाच्या मदतीला आलेली कॉलेजची पोरं विचारतात. खोड्यात बैल उभा असताना एवढं सगळं सांगणं जमत नाही, म्हणून इथं लिहिते.

तिचं नाव बेटी व्हाइट. अमेरिकेतली टीव्हीवरची नटी. जन्म १७ जानेवारी १९२२चा, मृत्यू ३१ डिसेंबर २०२१चा. शंभरी सतरा दिवसांनी हुकली. टीव्ही नावाचा प्रकार तिकडंसुद्धा नवा होता तेव्हा, म्हणजे १९४९ साली, ती लॉस एंजेलिसमधल्या एका कार्यक्रमात रोज साडेपाच तास, आठवड्यातले सहा दिवस, थेट प्रक्षेपणात बोलत बसायची. रीटेक नाही, काही नाही. पुढं स्वतःची निर्मिती असलेल्या मालिका केल्या, त्याही बायकांनी निर्माती व्हायची पद्धत नव्हती त्या काळात. १९८५ ते १९९२ चाललेल्या 'द गोल्डन गर्ल्स'मधली भोळी रोझ म्हणजे तिची सगळ्यांत लाडकी भूमिका. चार वयस्क बायका एका घरात राहतात एवढीच गोष्ट, आणि रोझ आपल्या गावाकडच्या अशा काही कथा सांगते की बाकीच्या तिघी कपाळाला हात लावतात. आमच्याकडं पारावर अशी एक तरी रोझ असतेच. वयाच्या ८८व्या वर्षी, २०१० साली, लोकांनी फेसबुकवर मोहीम चालवून तिला 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या मोठ्या विनोदी कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करायला लावलं आणि त्याबद्दल तिला एमी पुरस्कारही मिळाला.

पण मी तिला मालिकांमुळं ओळखायला लागले नाही. मी तिच्यापर्यंत पोचले ती पशुआहाराच्या धड्यातून.

नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकताना डॉ. मार्क मॉरिस या अमेरिकी पशुवैद्याचं नाव वाचलं होतं. अमेरिकेतल्या अंधांसाठीच्या सुरुवातीच्या मार्गदर्शक कुत्र्यांपैकी बडी नावाची एक कुत्री मूत्रपिंडाच्या आजारानं खंगत होती. मॉरिसनं तिच्यासाठी कमी मिठाचा, मोजून-मापून प्रथिनं घातलेला आहार बनवला. आजारानुसार कुत्र्याला वेगळं खायला घालायचं, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. पुढं एका कंपनीनं तो आहार डब्यात भरून विकायला काढला आणि त्यातून मिळणाऱ्या मानधनाच्या रकमेतून मॉरिसनं १९४८ साली जनावरांच्या आजारांवरच्या संशोधनाला पैसे देणारी संस्था काढली, मॉरिस ॲनिमल फाउंडेशन. परीक्षेपुरतं पाठ केलं, विसरले. लॉकडाऊनमध्ये रात्री मोबाईलवर त्या संस्थेचं काहीतरी वाचत होते, तर विश्वस्तांच्या यादीत एक विनोदी नटी! १९७१ पासून. मध्यंतरी तिनं संस्थेचं अध्यक्षपदही सांभाळलं. मला वाटलं नावापुरती ठेवली असेल, देणगीदारांना फोटो काढून द्यायला. वाचत गेले तसं लक्षात आलं की बाई बैठकांना बसायची, संशोधनाचे प्रस्ताव वाचायची, स्वतःच्या खिशातून अभ्यासांना पैसे द्यायची. तेही पन्नास वर्षं.

पन्नास वर्षं बैठकांना बसणं म्हणजे काय हे ज्यानं जिल्हा परिषदेत नोकरी केली त्यालाच कळेल.

या संस्थेच्या पैशातून झालेल्या कामांची यादी मोठी आहे, मी दोनच सांगते. मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगावरची पहिली लस ज्या संशोधनातून आली त्याला यांचे पैसे होते. आणि आफ्रिकेतल्या रवांडा नि शेजारच्या देशांमधल्या डोंगररांगेत डोंगरी गोरिला तीनशेच्याही खाली आले होते, तेव्हा १९८६ साली तिथं जंगलात जाऊन गोरिलांवर उपचार करणारं पशुवैद्यकांचं पथक या संस्थेनं उभं केलं. शिकाऱ्याच्या फासात हात अडकलेल्या गोरिलाला बेशुद्ध करायचं, फास कापायचा, जखम धुवायची, शुद्धीवर येताच मागं सरकायचं. आज सगळीकडचे मिळून डोंगरी गोरिला हजारावर गेलेत. यात सगळं श्रेय बेटीबाईचं असं मी म्हणणार नाही. पण अशा कामाला वर्षानुवर्षं पैसा लागतो, आणि तो मिळवायला तोंडाची वाफ दवडणारा, लोकांना आवडणारा माणूस लागतो.

आता मूळ मुद्दा. तिनं एका मुलाखतीत साफ सांगितलं होतं की प्राण्यांच्या हक्कांच्या चळवळीत ती नाही, तिला मतलब प्राण्यांच्या आरोग्याशी आणि ते नीट जगण्याशी. हे वाचलं आणि मी फोटोची प्रिंट काढून आणली.

कारण मी जिथं नोकरी करते तिथं माणूस जनावरावर जगतो. बैल औताला जुंपतो, बकरी विकून पोरीची फी भरतो, रविवारी कोंबडी कापतो. शहरातून कोणी आलं की त्यांना या सगळ्यात नुसता जाच दिसतो, आणि गावातल्या माणसाला वाटतं की हे आपल्याला शिव्या घालायलाच आलेत. दोघंही एकमेकांचं ऐकत नाहीत आणि मधल्या मध्ये बैलाच्या खांद्याची गाठ तशीच राहते. बेटीबाई स्वतः हॉटडॉग चवीनं खायची आणि ते लपवतही नव्हती. तिनं कोणाला पापी ठरवलं नाही. आजार काय आहे, तो कसा बरा होईल, पैसे किती लागतील, एवढंच तिचं विचारणं. आमच्या शेतकऱ्याशी तिचं पाच मिनिटांत जमलं असतं.

पोळ्याचंच घ्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैल धुऊन आणतात, हळद-तुपानं त्यांचे खांदे शेकतात आणि कानाशी म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, गळ्यात घुंगरमाळा, तोरणाखाली झडत्या, सगळं होतं आणि त्याचेच फोटो निघतात. मला विचाराल तर मोलाची ती आदली संध्याकाळ. त्या दिवशी धन्याचा हात बैलाच्या खांद्यावरून सावकाश फिरतो आणि जूवाखाली धरलेली सूज तेव्हा हाताला लागते. वर्षभर कासरा ओढणाऱ्या हाताला ती लागलेली नसते. आमच्या दवाखान्यात खांदसुजीचे बैल पोळ्याच्या सुमारास जास्त दिसतात ते यामुळंही असावं. एरवी आमच्या भागातला पांढराशुभ्र गवळाऊ बैल इतका चपळ की दुखलं-खुपलं तरी चाल मंदावू देत नाही, मग कळणार कसं? देखणेपण बघायला आपण हौशी, हात फिरवायला नाही.

फोटो लावला २०२२च्या जानेवारीत, आणि त्याच वर्षी पोळ्याच्या सुमारास लम्पी हा गुरांचा रोग आला. ऑगस्टमध्ये जळगावकडून सुरुवात झाली, मग विदर्भात. अंगभर गाठी, ताप, पाय सुजलेले, दूध आटलेलं. लोक बकऱ्यांची लस गाईला कशी चालते म्हणून हुज्जत घालायचे. मी सांगायचे की बकऱ्यांच्या देवीचा विषाणू आणि लम्पीचा विषाणू एकाच घराण्यातले, म्हणून ती लस इकडंही काम करते. खास लम्पीसाठीची देशी लस हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी बनवून त्याच ऑगस्टमध्ये जाहीर केली होती, पण प्रयोगशाळेतून गोठ्यापर्यंत यायला वेळ लागतो. त्या दिवसांत एक तरुण शेतकरी कपाटासमोर उभा राहून फोटो बघत होता. त्याची गाय नुकतीच बरी होत होती. म्हणाला, "म्हंजे कोनीतरी आधीच बसून शोधून ठेवाले पाह्यजे ना मॅडम, रोग आल्यावर कुठं शोधत बसता?" मी म्हटलं, ही बाई लोकांकडून पैसे मागायची ते यासाठीच.

तिच्या घरचाच किस्सा आमच्याकडं सगळ्यांत जास्त चालतो. १९३०च्या मंदीत तिचे वडील जोडधंदा म्हणून रेडिओ बनवून विकायचे. लोकांकडं पैसाच नाही, मग रेडिओच्या बदल्यात ते कुत्रे घेऊन यायचे. पंचाईत अशी, की रेडिओला खायला लागत नाही, कुत्र्याला लागतं. घरात कुत्र्यांची फौज झाली आणि धंदा बुडाला. हे सांगितलं की माणसं खो खो हसतात आणि मग प्रत्येकाला आपल्या बापानं केलेला असाच एखादा सौदा आठवतो. फोटोतला कुत्रा मात्र तसा आलेला नाही. तो पॉन्टिअक. अंधांना वाट दाखवायच्या शिक्षणातून बाहेर पडलेला, मग हिनं घरी आणलेला. "म्हंजे नापास," असं एका शाळकरी पोरानं मोठ्या समाधानानं जाहीर केलं होतं.

तिच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही. लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयासाठी तिनं १९७४ पासून काम केलं, आणि पिंजरा या वस्तूबद्दल माझं मन आजही खट्टू आहे. एका मोठ्या चित्रपटात कुत्र्याला कचऱ्याच्या नळीतून खाली टाकायचा विनोदी प्रसंग होता, म्हणून तिनं त्यातली भूमिका सोडली. बघणारे नक्कल करतील ही तिची भीती. मी असते तर कदाचित केली असती भूमिका. पण २००५ साली कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या मत्स्यालयातली वीज गेली, मासे मेले, वाचलेले पेंग्विन आणि पाणमांजरं विमानानं कॅलिफोर्नियाला हलवली, त्या विमानाचे पैसे हिनं भरले होते, हे तिथल्या संस्थेनं ती गेल्यावर सांगितलं. आपलं नाव येऊ नये अशी तिची इच्छा होती. आमच्याकडं पाण्याची टाकी दिली तरी टाकीपेक्षा नाव मोठं रंगवतात.

ती गेल्यानंतर तिच्या शंभराव्या वाढदिवशी चाहत्यांनी ठरवलं, आपापल्या गावातल्या प्राण्यांच्या निवाऱ्याला प्रत्येकी पाच डॉलर द्यायचे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच तीन लाख नव्वद हजारांवर लोकांनी मिळून सव्वा कोटी डॉलरच्या वर दिले. पुतळा नाही, चौकाला नाव नाही.

आमच्या दवाखान्यात महापुरुषांच्या तसबिरींची रांग आहे, सरकारी कार्यालयात असते तशी. बेटीबाईला मी त्या रांगेत लावलं नाही, कपाटावर लावलं, कारण प्रश्न कोणी विचारायचा आणि उत्तर कोणी द्यायचं. आमचे ड्रेसरकाका तिच्याबद्दल बरीच वर्षं उदासीन होते. एकदा मी त्यांना १९५४ची गोष्ट सांगितली. तिच्या कार्यक्रमात आर्थर डंकन नावाचा कृष्णवर्णीय नर्तक होता. दक्षिणेकडच्या काही केंद्रांनी धमकावलं, त्याला काढा, नाहीतर कार्यक्रम दाखवणार नाही. तिनं नुसतं नाही म्हटलं नाही, त्याला आणखी वेळ दिला. काकांनी हातातला कापसाचा बोळा खाली ठेवला, बाबासाहेबांच्या तसबिरीकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "मंग थ्या रांगेत लावा ना इले."

कपाटावरच ठेवलाय अजून. पण काका आता फोटो पुसतात.

तिची एक इच्छा लहानपणापासूनची, वनरक्षक व्हायची. तेव्हा मुलींना घेत नसत. २०१० साली अमेरिकेच्या वनविभागानं तिला मानद वनरक्षक केलं, वयाच्या ८८व्या वर्षी. हे मी आमच्या बीटच्या वनरक्षक ताईला सांगितलं. बोरच्या जंगलाच्या बाजूला वाघानं कालवड मारली होती, शवविच्छेदन आटोपून आम्ही दोघी दवाखान्यात पंचनाम्याचे कागद करत बसलो होतो. तिची खाकी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. ऐकून घेतलं, फोटोकडं नीट निरखून पाहिलं.

"मानद म्हंजे पगार नाही ना, मॅडम?"

"नाही."

"मंग बरोबर हाय," ती म्हणाली, आणि कालवडीची अंदाजे किंमत किती धरायची ते विचारायला लागली.