शिकागोहून मिनियापोलिस: जानेवारीत भाड्याच्या ट्रकने

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही शिकागोजवळच्या शॉमबर्गचं घर सोडून मिनियापोलिसला आलो. अंतर साधारण ३८० मैल, म्हणजे सहाशे किलोमीटरच्या थोडं वर. उन्हाळ्यात कारने सहा तासांचा रस्ता. आम्हाला दोन दिवस लागले आणि तसेच लागायला हवे होते.

सोळा फुटी ट्रक मी चालवला, नवरा कार घेऊन मागे. कार ट्रकला जोडून ओढत नेता येते, पण बर्फावर ब्रेक लावला की मागची गाडी ट्रकला आडवं ढकलू शकते. घरात दुसरं कुणी गाडी चालवणारं असेल तर हा मोह टाळा. शिवाय अशा ट्रकला मधल्या आरशाचा उपयोग नसतो, मागे नुसती खोक्यांची भिंत. लेन बदलायच्या आधी स्पीकरवर नवऱ्याचा आवाज यायचा, "ये उजवीकडे, मोकळं आहे." त्याचा फार आधार वाटला.

पुस्तकांची खोकी आणि कपाटं केबिनच्या बाजूला, खाली, डावं-उजवं वजन सारखं ठेवून भरली. मागच्या खणात हीटर नसतो हे विसरू नका. बाटलीबंद पदार्थ, औषधं आणि तुळशीची कुंडी कारमध्ये ठेवली. टीव्ही ट्रकमधून न्यावाच लागला, तर पोहोचल्यावर लगेच सुरू करू नका. गार यंत्राच्या आत ओल धरते, काही तास खोलीत नुसता राहू द्या.

आय-९० महामार्गावर विस्कॉन्सिन राज्यात शिरेपर्यंत रस्ता कोरडा होता. बेलॉइट ओलांडल्यावर पुढच्या ट्रेलरच्या चाकांखालचा, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा चिखल काचेवर उडायला लागला. काच धुवायला बटण दाबलं तर काहीच येईना. टाकीत उन्हाळ्याचं पाणी होतं, ते गोठलेलं. पुढची काच पांढरी आणि ताशी पन्नास मैलांचा वेग, अशा अवस्थेत जेन्सव्हिलच्या एक्झिटपर्यंतची ती काही मिनिटं मला अजून आठवतात. ट्रक ताब्यात घेतानाच काचेवर पाणी उडवून बघा आणि उणे २० फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं द्रव सोबत ठेवा. टायर, दिवे आणि हीटरही तिथेच तपासा. विम्याचं मात्र आदल्या आठवड्यात विचारून ठेवा. बऱ्याच कार पॉलिसी आणि क्रेडिट कार्डं असल्या ट्रकला लागू होत नाहीत.

मॅडिसननंतर वारा वाढला. उंच, सपाट बाजूचा ट्रक वाऱ्यात शिडासारखा ढकलला जातो, म्हणून स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं आणि वेग उतरवायचा. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणारी सोय, पूर्ण बंद. पुढच्या गाडीपासून दहा सेकंदांचं अंतर मी सोडत होते. मध्ये कुणी घुसलं तर पुन्हा मागे सरायचं. पुलांवर वर-खाली दोन्हीकडून गार हवा लागते, म्हणून रस्त्याच्या आधी पूल गोठतात. तिथे ब्रेक किंवा झटक्याने वळण नको, पाय आधीच उचलायचा. बर्फ सारणारा नांगराचा ट्रक पुढे असेल तर ओलांडू नका. त्याच्या मागचा रस्ता सगळ्यात बरा असतो.

दुपारी चारला आम्ही टोमा गावात होतो. इथे आय-९० हा ‘ला क्रॉस’ शहराकडे वळतो आणि मिनियापोलिसला जाणारा आय-९४ वेगळा होतो. रस्त्यांची स्थिती सांगणाऱ्या ५११ सेवेवर पाहिलं, तर ब्लॅक रिव्हर फॉल्सच्या पुढे रस्ता बर्फाने झाकलेला दाखवत होते. पावणेपाचला सूर्य मावळणार. नवरा म्हणाला, "राहू या." ट्रक मुळातच एक दिवस जास्तीचा घेतला होता, म्हणून हे इतक्या सहज बोलता आलं. तो दिवस हाती नसता, तर परत करायच्या वेळेच्या धाकाने आम्ही अंधारात पुढे गेलोच असतो. ट्रक बुक करतानाच तो दिवस धरा, बाकी कुठेही काटकसर करा. मोटेलमध्ये ट्रकचं मागचं दार भिंतीला लागेल असा उभा केला, म्हणजे रात्री कुणाला उघडता येत नाही.

सकाळी रस्ता साफ झाला होता. ओ क्लेअर, हडसन, मग सेंट क्रॉय नदी ओलांडून मिनेसोटा. दुपारी घरापुढे रॅम्प ओढला, तर लोखंडावर बर्फाचा पातळ थर. कारमध्ये मांजराच्या वाळूची पिशवी ठेवली होती, चाकं रुतली तर टाकायला. तीच रॅम्पवर पसरली आणि अंधार पडायच्या आत सामान उतरवलं.