जुन्या हार्ड डिस्कवरच्या फाइली नव्या संगणकावर आणताना

जुना संगणक सुरूच होत नसला तरी त्यातली डिस्क बहुधा वाचता येते. ती काढून साटा-यूएसबी अडॅप्टरने (डिस्कची साटा जोडणी यूएसबीला जुळवणारा) नव्या संगणकाला जोडा. लॅपटॉपची २.५ इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते; डेस्कटॉपच्या ३.५ इंचीला १२ व्होल्टही लागतात, म्हणून वेगळा वीजपुरवठा असलेलाच अडॅप्टर घ्या. नाहीतर डिस्क फिरतच नाही आणि ती गेली असं उगाच वाटतं.

विंडोजने डिस्क फॉरमॅट करायची का असं विचारलं, तर हो म्हणू नका. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधा. ‘यूझर्स’मधला तुमचा फोल्डर परवानगी नाकारतो, कारण त्याची मालकी जुन्या खात्याकडे असते, ‘कंटिन्यू’ दाबा, नाहीच जमलं तर प्रॉपर्टीजमधून मालकी बदला.

कट नको, कॉपीच करा. फोटो, डॉक्युमेंट्स सगळेच आठवणीने घेतात. प्रोग्रॅम आपली माहिती ठेवतात तो लपलेला ‘ॲपडेटा’ फोल्डर मात्र राहून जातो, आणि थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमची मेल तर तिथेच असते!

टकटक आवाज आला तर लगेच वीज काढा. तो बहुधा हेडचा, म्हणजे चकतीवरची माहिती वाचणाऱ्या भागाचा, बिघाड असतो. दर प्रयत्नागणिक चकतीचा पृष्ठभाग खरवडला जाऊ शकतो. नुसतीच कॉपी अडखळत असेल तर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा, फाइली त्यातून घ्या.